हिंगाच्या डबीतली गोळी

झाशीत मराठी घरं आता मोजकीच उरली आहेत, आणि त्या घरांतली बहुतेक लग्नं वामनराव आठल्यांच्या आवाजात लागली. वामनराव भिक्षुक नव्हते. रेल्वेच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि बडे बाबू होऊन निवृत्त झाले. पण अंतरपाट धरला गेला की मांडवातून कोणीतरी हाक द्यायचंच, "वामनराव, या पुढे." मग ते खांद्यावरचं उपरणं सारखं करत पुढे यायचे, डोळे मिटायचे आणि मंगलाष्टकं सुरू करायचे. घरी हिंदीतच बोलणारी, मराठीचा अर्धा अर्थ सुटलेली पोरंसुद्धा तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवायची.

त्यांची बायको अनुसूया सागरच्या मराठी घरातली. तिला त्यांचा आवाज आवडायचा, पण तिचं लक्ष आवाजाकडे कधीच नसायचं. ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसायची. हातात अक्षता असायच्या आणि तो हात स्थिर आहे ना, एवढंच तिला बघायचं असायचं.

या हाताची गोष्ट जुनी होती. वामनरावांचे वडील आबासाहेब दारू प्यायचे. एका अनंत चतुर्दशीला गणपतीच्या देवळात आरतीचं तबक त्यांच्या हातातून पडलं, पेटलेला कापूर देवाच्या वस्त्रावर गेला आणि कनातीचा एक पडदा जळाला. जीवितहानी झाली नाही, पण आठल्यांची पूजेची पाळी त्या दिवसापासून गेली ती गेलीच. वामनराव तेव्हा शाळेत होते. ती पाळी परत मिळवायला त्यांची पंचवीस वर्षं गेली. लग्नात कोणी सोड्याची बाटली पुढे केली तरी ते घेत नसत. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, असं म्हणायचे आणि पाण्याचा पेला उचलायचे.

पन्नाशी गाठली आणि त्यांचा स्वतःचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत कप किणकिणायचा. मग सही वाकडी व्हायला लागली. आणि एका गणपतीत, भर आरतीत, तबक हातात असताना निरांजनाच्या ज्योती हलायला लागल्या. मराठी मंडळाचे सेक्रेटरी जनार्दनराव खेर शेजारीच टाळ वाजवत होते. माणूस मनाचा वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. आरती संपली न संपली तोच मोठ्याने म्हणाले, "काय रे वामन, आज आबासाहेब आठवले आम्हाला!"

सगळे हसले. वामनरावही हसले. घरी आले, जेवायला बसले. ताट सारून म्हणाले, "अनुसूया, गेली गं पाळी."

"कुठे जातेय? चेष्टा केली त्यांनी."

"चेष्टेनेच जाते."

झाशीत कोणा डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. मराठी घरांतलं कोणी ना कोणी प्रत्येक दवाखान्यात असायचंच, कोणाची सून, कोणाचा मेहुणा. वामनराव मऊरानीपुरला गेले. तिथे त्यांचा धाकटा भाऊ हृषीकेश धान्याच्या आडतीवर मुनीम होता, त्याला भेटायचं निमित्त होतं. त्यालाही न सांगता ते बाजारातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरने हात पुढे धरायला लावला, कागदावर गोल काढायला लावला आणि विचारलं, "पिताजी का हाथ भी काँपता था?"

"काँपता था. वो पीते थे."

"पहले पीते थे कि पहले काँपता था?"

एवढा विचार वामनरावांनी कधी केला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं. यात दोन घोट घेतले की हात घटकाभर थांबतो, म्हणून कित्येक भले लोक दारूला लागतात आणि जग त्यांना दारुडे म्हणतं. त्याची गोळी असते, रोज घ्यावी लागेल.

त्या संध्याकाळी बसमधून उतरून घरी आल्यावर वामनराव बराच वेळ आबासाहेबांच्या फोटोसमोर उभे राहिले. मग अनुसूयेला म्हणाले, "त्यांना कोणी गोळी दिली असती तर." त्यानंतर हा विषय घरात पुन्हा निघाला नाही. गोळ्या मऊरानीपुरहूनच यायच्या, भावाला भेटून येताना वामनराव गुपचूप घेऊन यायचे. अनुसूया त्या पाकिटातून काढून हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायची, कारण त्या डबीला घरातलं दुसरं कोणी हात लावत नसे. रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते म्हणायचे, "हिंगाष्टक दिलंस?" ती म्हणायची, "दिलं." एवढाच विनोद, पण वर्षानुवर्षं चालला. मुलगी चारुता त्याच घरात वाढली, शिकली, शाळेत शिकवायला लागली. तिलाही वाटायचं, बाबा पोटासाठी काहीतरी घेतात.

हात थांबला. पाळी टिकली. आणि मग यंदा आवाज गेला.

आधी होळीत घसा बसला म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. जेठीमध, काढा, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. भाद्रपदात आरतीच्या वेळी आवाज मध्येच फाटला आणि नुसती हवा बाहेर आली. चारुताचं लग्न ठरलेलं होतं, ग्वाल्हेरच्या अमोघशी, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. जगाच्या लेकींची मंगलाष्टकं म्हटली आणि स्वतःच्या लेकीच्या अंतरपाटापाशी आपण मुके उभे राहणार, या विचाराने वामनरावांची झोप उडाली.

सिविल लाइंसमधल्या एका खासगी हॉस्पिटलात घशाचे डॉक्टर पटैरिया बसत. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "मामूली गाँठ है आवाज़ की नली पर. निकाल देंगे. बिटिया की शादी में गाइएगा, हमें भी बुलाइएगा."

घरी येताना इलाइट चौराह्यावर रिक्षा अडकली होती, तेव्हा वामनराव हलक्या आवाजात म्हणाले, "कानपूरला करू या का?"

अनुसूयेला लगेच कळलं, कानपूर का. तिथे कोणी ओळखीचं नव्हतं. पण घरी पोचतात तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. जनार्दनराव ओट्यावर बसलेलेच होते.

"अरे, आपली मुग्धा आहे ना तिथे! माझी भाची. भूल देणारी तीच. मी फोन करून सांगितलंय, वामनकाकांची केस तू स्वतः घ्यायची. परक्याच्या हाती मान द्यायची कशाला?"

"कानपूरला एक चांगले—" अनुसूयेने सुरुवात केली.

"वहिनी, आपलं माणूस दारात असताना कानपूर? पोरीला काय वाटेल? तिच्या बारशाला पाळणा तुम्हीच म्हटला होतात."

खरंच होतं ते. आता नको म्हणणं म्हणजे मुग्धाचा अपमान, आणि कारण सांगणं म्हणजे सगळ्या गावाला सांगणं. वामनराव म्हणाले, "बरं, तिथेच करू."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मुग्धा खोलीत आली. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली, गळ्यात स्टेथोस्कोप. आली ती आधी दोघांच्या पाया पडली. जनार्दनराव थर्मास घेऊन खुर्चीत बसलेच होते. मुग्धा पलंगाच्या कडेला टेकली आणि विचारायला लागली. दमा आहे का, छातीत दुखतं का, साखर, रक्तदाब, दाताची कवळी.

"रोजचं काही औषध, काका? कुठलंही. आयुर्वेदिकसुद्धा."

अनुसूया शाल घडी करत होती. तिचे हात थांबले. वामनरावांनी जनार्दनरावांकडे पाहिलं नाही, पण ते तिथे आहेत हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"काही नाही गं. सकाळी कोमट पाणी आणि किल्ल्यापर्यंत फेरी."

मुग्धाने मनगट धरलं. "नाडी मंद लागतेय. बरीच मंद आहे."

"रोज चालणाऱ्याची अशीच असते."

"घोडा आहे घोडा!" जनार्दनराव म्हणाले. "या वयात आम्हाला जिना चढवत नाही, आणि हा बघ."

मुग्धा हसली. क्षणभर काहीतरी आणखी विचारावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं. तिने मामाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि उठली. "सकाळपासून पाणीसुद्धा नाही हं, काका. काकू, लक्ष ठेवा."

ती गेल्यावर अनुसूया म्हणाली, "मी जाऊन हळूच सांगून येते तिला. बाहेर गाठते."

जनार्दनराव तोवर थर्मास धुवायला गेले होते. वामनराव फाटक्या आवाजात म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? लग्न तोंडावर आलंय. ती मामाला सांगणार, मामा गावाला. हातासाठीची गोळी आहे, घशाशी तिचा काय संबंध?"

अनुसूयेलाही तेव्हा तसंच वाटलं. गोळी साधी होती, इतकी वर्षं घेतलेली. एका साध्या गोळीसाठी लेकीच्या सासरी नाव खराब करायचं? ती बसून राहिली.

सकाळी नर्स यायच्या आधी त्यांनी तळहात पुढे केला. अनुसूयेने पदराच्या गाठीतून गोळी काढून दिली. त्यांनी ती कोरडीच गिळली. मग म्हणाले, "एक अजून दे. छातीत धडधड होतेय. तिथे सगळ्यांसमोर हात हलला तर?"

तिने दुसरीही दिली.

आत काय झालं ते तिला नंतर कळलं. बाहेर एवढंच दिसलं, की दरवाजा उघडला आणि एक नर्स धावत गेली, मग दुसरी, मग एक यंत्र ढकलत दोघं आत गेले. चारुता आईचा हात धरून उभी होती. जनार्दनराव कोणाला तरी फोनवर सांगत होते, "छोटंसं ऑपरेशन आहे, आत्ता होईल."

मग मुग्धा बाहेर आली. टोपी डोक्यावरून सरकलेली, हातमोज्यांवर काहीतरी गुलाबी लागलेलं. ती थेट अनुसूयेकडे आली.

"काकू, नीट आठवून सांगा. काका कुठली गोळी घेत होते का? काहीही. बीपीची, झोपेची, थरथरण्याची, घाबरण्याची?"

थरथरण्याची हा शब्द अनुसूयेने ऐकला. पोर अगदी तिथे येऊन उभी राहिली होती. एक हो म्हणायचं होतं.

जनार्दनरावांनी फोन कानावरून खाली घेतला होता आणि ते ऐकत होते. त्यांच्यामागे मंडळातली आणखी दोन माणसं आली होती. आणि तिला आत पलंगावर पडलेला माणूस दिसत होता, ज्याने रात्री सांगितलं होतं, कशाला.

"नाही गं," ती म्हणाली.

मुग्धा एक क्षण तिच्याकडे बघत राहिली आणि परत आत पळाली.

दुपारी डॉ. पटैरियांनी सांगितलं. गाठ काढताना रक्त येऊ नये म्हणून तिथे अॅड्रेनलिनचं बारीक इंजेक्शन देतात, सगळ्यांनाच देतात. यांना दिल्याबरोबर रक्तदाब एकदम आकाशाला भिडला, नाडी मात्र बुडत गेली आणि फुप्फुसात पाणी भरलं. श्वासाच्या नळीतून गुलाबी फेस येत होता. असं का झालं, सांगता येत नाही. आता यंत्रावर ठेवलंय. "हज़ारों में एक को होता है, भाभीजी. भगवान पर भरोसा रखिए."

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत. अनुसूया आत जायची, पायांशी उभी राहायची. तोंडात नळी, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होणारी. पाणी हळूहळू उतरतंय असं म्हणत होते. एका सकाळी भूल हलकी केली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तिला ओळखलं. आणि गोळी बंद झाल्यामुळे उजवा हात हलायला लागला होता, जोरात, चादरीवर टपटप आवाज येईल इतका.

नर्स म्हणाली, "अम्माजी, बाबूजी को ठंड लग रही है शायद," आणि दुसरी चादर आणायला गेली.

वामनरावांनी डावा हात उचलला, सुया टोचलेला. मोठ्या कष्टाने चादरीची कड धरली आणि उजव्या हातावर ओढून घेतली. मग अनुसूयेकडे पाहिलं. नळीमुळे बोलता येत नव्हतं, पण ते डोळे काय सांगत होते ते तिला पाठ होतं. तिने चादर नीट खोचली. हाताच्या दोन्ही बाजूंनी, आपण अंगणात रोपाला माती लावतो तशी.

"नाही सांगत," ती म्हणाली.

मुग्धा दाराशी उभी होती. तिने हे पाहिलं की नाही, अनुसूयेला कळलं नाही.

पुढे न्यूमोनिया झाला. दुबळ्या फुप्फुसांनी तो झेलला नाही. वामनराव गेले ते नवरात्रात, पहाटे, यंत्राचा आवाज चालू असताना.

सुतकात घर भरून गेलं. मऊरानीपुरहून हृषीकेश आला, भावाच्या फोटोसमोर बसून लहान मुलासारखा रडला, आणि रडणं संपल्यावर त्याला राग आला. रागाला जागा हवी होती. तिसऱ्या दिवशीच तो म्हणाला, "वहिनी, दादा चालत गेला होता तिथे, चालत. त्या पोरीने चुकीचं काहीतरी टोचलं. मी वकिलाशी बोललोय. तेरावा झाला की तक्रार. तुमची सही लागेल."

"काका, मुग्धाताई तशी नाहीये," चारुता म्हणाली.

"तशी नाही म्हणजे कशी नाही? बाप गेलाय तुझा!"

हॉस्पिटलने मुग्धाला घरी बसवलं होतं. चौकशी पुरी होईपर्यंत, असं म्हणे. गावात एव्हाना सगळे चौकशी करून मोकळे झाले होते. कोणी म्हणे, डोस दुप्पट गेला. कोणी म्हणे, पोरीचं लक्ष फोनमध्ये होतं. तिला एक स्थळ आलं होतं भोपाळचं, ते "सध्या थांबू" असं म्हणून थांबलं. अनुसूया हे सगळं भिंतीला टेकून ऐकायची. ऐकता ऐकता तिला स्वतःच्या तोंडचा तो एक शब्द परत परत ऐकू यायचा. नाही गं.

दहाव्याच्या आदल्या दुपारी मुग्धा समाचाराला आली. एकटीच. बायकांनी तिला बघून बोलणं थांबवलं. ती अनुसूयेसमोर खाली बसली, सतरंजीचा धागा बोटाला गुंडाळत राहिली आणि मग कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "काकू, मी रोज ते सगळं पहिल्यापासून आठवते. काय चुकलं ते मला सापडत नाही. चूक सापडली तर मी शिक्षा घेईन, खरंच. पण ती सापडतच नाही."

अनुसूयेचा हात तिच्या डोक्याकडे गेला. तेवढ्यात हृषीकेश आतून आला. "इथे कशाला आलीस? झालं ते बघायला?" मुग्धा उठली, नमस्कार केला आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरली.

त्या रात्री अनुसूयेने हिंगाची डबी फळीवरून काढली आणि परत ठेवली. तिने दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. एका बाजूला गेलेला माणूस होता, ज्याने सगळा जन्म एक गोष्ट सांभाळली होती आणि जाताना तिच्यावर सोपवली होती. दुसऱ्या बाजूला जिवंत पोर होती, जिच्या बारशाला तिने पाळणा म्हटला होता. गेलेल्याला आता काय लागणार, असं लोक म्हणतात. पण तिला माहीत होतं, काय लागणार ते.

तेराव्याला जेवणं झाली. पुरुषमंडळी पुढच्या खोलीत सुपारी कातरत बसली होती. जनार्दनरावही आले होते, यावं की येऊ नये अशा चेहऱ्याने, दाराजवळच्या खुर्चीत. हृषीकेशने कागद काढला. "वहिनी, सगळ्यांसमोरच सही करा. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको."

अनुसूया स्वयंपाकघरात गेली आणि डबी घेऊन आली. हृषीकेशसमोर ठेवली.

"हे काय?"

"उघडा."

त्याने उघडली. खोलीभर हिंगाचा वास पसरला. तळाशी पाच-सहा पांढऱ्या गोळ्या होत्या.

"यांचा हात थरथरायचा," अनुसूया म्हणाली. "त्याची गोळी आहे. तुमच्याच गावातून यायची. मुग्धाने आदल्या दिवशी विचारलं, कुठलं औषध घेता. हे नाही म्हणाले. ऑपरेशनच्या सकाळी मी दोन दिल्या. आणि ती धावत बाहेर आली, मला विचारलं, थरथरण्याची गोळी घेतात का. मी नाही म्हटलं. जनार्दनभाऊ, तुम्ही होतात तिथे."

जनार्दनरावांनी मान खाली घातली.

"पण का?" हृषीकेशचा आवाज चिरकला. "सांगायला काय झालं होतं? औषधच ना?"

"तुमच्या वडिलांचाही हात थरथरायचा, भाऊजी. प्यायला लागायच्या आधीपासून. डॉक्टरने सांगितलं तसं. आबासाहेब हात थांबवायला प्यायचे. त्यांना कोणी गोळी दिली नाही. आणि यांनी घेतली तर लोक—" ती थांबली. जनार्दनरावांकडे तिने बघायचं टाळलं, पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

अडकित्त्याचा आवाज थांबला. हृषीकेशने कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

जनार्दनराव उठताना अनुसूयेजवळ आले. डोळे भरलेले होते. भाची सुटली म्हणूनही असतील. हळूच म्हणाले, "म्हणजे हात हलायचाच तर. आम्हाला वाटायचंच."

"काय वाटायचं, भाऊ?"

ते चपला घालून पायऱ्या उतरले. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. गोळीचं कोणी बोलेना, रक्तातून येणाऱ्या थरथरीचं तर कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. वामनही लपून प्यायचा, बायकोने तेराव्याला स्वतः कबूल केलं, असं झालं. शेजारची बुंदेली म्हातारी सांत्वनाला आली आणि म्हणाली, "बिन्नू, मरद तो सबई पियत हैं, तैं काय को दुख मना रई?" अनुसूयेने तिला समजावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

मुग्धाकडे ती स्वतः गेली. सगळं सांगितलं. मुग्धाने ऐकून घेतलं, मग एका कागदावर पेनाने हृदय आणि नसा काढून दाखवल्या. शिकवतात तसं. "अॅड्रेनलिनने नसा आवळतात, आणि हृदय पळून ते सांभाळून घेतं. काकांच्या गोळीने हृदयाचा लगाम ओढून धरला होता. नसा आवळल्या, हृदयाला पळता येईना. सगळं रक्त मागे, फुप्फुसात तुंबलं." पेन खाली ठेवून ती म्हणाली, "त्यात दाब उतरवायला मी जे औषध दिलं, तेही लगाम ओढणारंच होतं. मला माहीत असतं तर दिलं नसतं."

अनुसूयेने विचारलं, "मी तेव्हा हो म्हटलं असतं तर?"

मुग्धाने कागदाची घडी घातली. तिला खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही, काकू. कदाचित." मग म्हणाली, "नाडी मला मंद लागली होती. खोलीतून मामाला बाहेर काढायला हवं होतं मी. परका असता तर काढलं असतं. मामाला 'ऊठ' कसं म्हणायचं, एवढ्यासाठी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. हॉस्पिटलने तिला परत बोलावलं होतं, पण ती जाणार नव्हती. इंदूरला अर्ज केला होता. तिथे कोणी तिला पोर म्हणून ओळखत नव्हतं.

चारुताचं लग्न ठरल्या मुहूर्तावरच झालं. ग्वाल्हेरच्या मंडळींनी काही विचारलं नाही. फार जपून काही विचारलं नाही. कन्यादान हृषीकेशने केलं. मंगलाष्टकांसाठी चारुताने हट्ट धरला होता, बाबांचाच आवाज हवा. कोणाच्या तरी लग्नातलं बाबांचं चित्रण तिच्याकडे होतं. अंतरपाट धरला गेला आणि मांडवातल्या मोठ्या पडद्यावर वामनराव आले, डोळे मिटलेले, खांद्यावर उपरणं. आवाज भरलेला, खणखणीत.

अनुसूया मागच्या रांगेत खांबाआड बसली होती. तिच्या पुढच्या रांगेतल्या बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि पडद्याकडे हनुवटी उडवली.

"हात बघ, हात."

एकेक करून माना किंचित तिरप्या झाल्या. आवाज कोणी ऐकत नव्हतं. सगळा मांडव त्या उजव्या हाताकडे बघत होता, मुठीत अक्षता घेतलेल्या, आत्ता हलेल, मग हलेल म्हणून.

हात अगदी स्थिर होता. ते चित्रण झालं त्या सकाळी गोळी तिनेच तळहातावर ठेवली होती, आणि ते म्हणाले होते, हिंगाष्टक दिलंस?